राखावें कोणास, सोडावें कोणास?



मुंबईहून कर्जतकडे जाणारी आगगाडी कल्याण सोडून पुढें निघाली, कीं विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लष्करासाठीं उभारलेल्या छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि 1949 सालीं त्या छावणीचें उल्हासनगर झालें. इ. स. 1060 मधील शिवालयासाठीं प्रसिद्ध असलेल्या अंबरनाथास कारखान्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं. आणि भातशेतीचें बदलापूर पाहतां पाहतां चाकरमान्यांचें शहर बनलें. तिन्ही गांवांचें रूप पालटलें, तरी येथील व आसपासच्या खेड्यांतील मुलांचा एका खेळाचा नाद कांहीं सुटला नाहीं. तो खेळ म्हणजे कबड्डी. पूर्वीच्या पिढीचा हुतुतु.

या खेळाच्या दोन हंगामांमधील काळांत अलीकडे घरोघरीं एक नवी चर्चा ऐकूं येते. अमक्या संघानें कोणास राखलें, कोणास सोडलें, लिलावांत कोणावर किती बोली लागली, हे प्रश्न सामन्यांच्या निकालाइतक्याच उत्सुकतेनें बोलले जातात. वरवर पाहतां ही करमणुकीची बाब वाटते. परंतु ज्या घरांतील सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सायंकाळीं दप्तर ठेवून मैदानाकडे धांवतो, त्या घराच्या दृष्टीनें ही करमणूक नव्हे. तो संसाराचा प्रश्न आहे. संघाच्या यादींत नांव येणें म्हणजे काय, त्या यादींतून नांव गळणें म्हणजे काय, आणि तरुण खेळाडू घडविण्याची जबाबदारी कोणाची, या तीन गोष्टींचा विचार शांतपणें करणें अगत्याचें आहे.

प्रथम या बदलाचें मूळ पाहूं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत या खेळास नियमांची चौकट दिली. 1923 सालीं बडोद्यास अखिल भारतीय सामने झाले. 1936 सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें हा खेळ परदेशी प्रेक्षकांपुढें करून दाखविला. पुढें शंकरराव तथा बुवा साळवी यांनीं या खेळासाठीं आयुष्य वेंचलें. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रांत कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. 1990 सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीस स्थान मिळालें आणि भारतानें तेथें सुवर्णपदक जिंकलें.

या सर्व काळांत गड्याच्या वांट्यास पैसा असा फारसा येत नसे. त्याचें खरें पारितोषिक म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस दल, बँका आणि मोठे कारखाने आपापले संघ बाळगीत, आणि चांगल्या चढाईपटूस तेथें जागा मिळे. पगार बेताचा असे, पण तो महिन्याच्या महिन्यास येई, आणि गुडघा मोडला म्हणून चूल विझत नसे. हंगाम संपल्यावर कोणी कोणास सोडीत नसे, कारण करार खेळाचा नसून चाकरीचा असे.

26 जुलै 2014 रोजीं प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला आणि हें चित्र बदललें. आरंभीं आठ संघ होते. 2017 पासून ते बारा झाले. पहिल्या लिलावांत सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली. ती 12 लाख 80 हजारांची होती. नऊ वर्षांनंतर, 2023 च्या लिलावांत, पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लागली. ज्या खेळास एक मोकळी जागा आणि एक दम एवढेंच भांडवल लागे, त्या खेळांत आतां कोट्यवधींचे हिशेब होऊं लागले. पैसा आला त्यासंगें करार आला, आणि कराराच्या मागोमाग राखण्या-सोडण्याचा प्रश्न आला.

हा हिशेब चालतो कसा, हें समजून घेणें कठीण नाहीं. गेल्या कांहीं हंगामांत प्रत्येक संघास खेळाडूंवर खर्च करण्यासाठीं 5 कोटी रुपयांची मर्यादा घालून दिलेली होती. त्या रकमेंत कमींत कमी 18 आणि जास्तींत जास्त 25 गडी बसवावयाचे. लिलावांत उतरणाऱ्या खेळाडूंचे चार वर्ग केलेले असतात. त्यांच्या आरंभींच्या किंमती 30 लाख, 20 लाख, 13 लाख आणि 9 लाख अशा ठरविलेल्या होत्या. म्हणजे एखाद्या संघानें एकाच नामांकित गड्यावर अडीच कोटी खर्चिले, तर उरलेल्या अडीच कोटींत दुसऱ्या सतरा जणांचा तरी प्रपंच चालवावा लागतो. ज्या गृहिणीनें एका सणास अर्धा पगार खर्चिला, तिला उरलेला महिना कसा काढावा लागतो, हें कोणास सांगावयास नको.

लिलावापूर्वीं प्रत्येक संघास कांहीं खेळाडू आपल्याकडे राखतां येतात. त्यांत एक वर्ग प्रमुख गड्यांचा, दुसरा पूर्वीं तरुण म्हणून घेतलेल्या व राखलेल्या खेळाडूंचा, आणि तिसरा अगदीं नव्या तरुणांचा. हे नवे तरुण लिलावाच्या बोलींतून आलेले नसतात. संघ त्यांना निवड-चांचणीतून हेरतो, ठराविक व तुलनेनें लहान मोबदल्यावर करारानें बांधतो आणि शिकवितो. याशिवाय सोडलेल्या गड्यास परत मिळविण्याची एक सोय आहे: दुसऱ्या संघाची बोली अंतिम ठरली, तरी जुना संघ तेवढीच रक्कम देऊन त्यास माघारी आणूं शकतो. 2025 च्या लिलावापासून अशा रीतीनें परत घेतलेल्या गड्याशीं एका किंवा दोन हंगामांचा करार करण्याची मुभा देण्यांत आली.

नियम हे असे आहेत. आतां या नियमांनीं प्रत्यक्षांत काय घडविलें, हें महाराष्ट्राच्या दोन संघांच्या उदाहरणांवरून पाहूं.

पहिलें उदाहरण मुंबईचें. कोल्हापूर जिल्ह्यांतील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई यास 2018 च्या लिलावांत यू मुंबा संघानें 36 लाख 40 हजारांस घेतलें. या लीगमधील त्याचा तो पहिलाच हंगाम. त्यांत त्यानें चढाईचे 218 गुण मिळविले. हंगाम संपला, आणि संघानें त्यास राखलें नाहीं. 2019 च्या एप्रिलमध्यें तेलुगू टायटन्स संघानें त्याच्यावर 1 कोटी 45 लाखांची बोली लावली. मुंबईच्या चाहत्यांस त्या वेळीं फार हळहळ वाटली. घरचें झाड दुसऱ्याच्या अंगणांत गेलें, असेंच ज्याच्या त्याच्या तोंडीं होतें.

पण या घटनेच्या दोन्ही बाजू पाहावयास हव्यात. सिद्धार्थची मिळकत एका वर्षांत जवळजवळ चौपट झाली. संघानें राखला असता, तर ती इतकी वाढती ना. तेव्हां सोडणें म्हणजे टाकणें नव्हे. आणि संघाचें काय झालें? त्या 2019 च्या हंगामांत मुंबईचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला व बंगालकडून 35-37 असा अवघ्या दोन गुणांनीं हरला. तर लीगमधील सर्वांत मोठी बोली लावणारा तेलुगू संघ गुणतक्त्याच्या तळाजवळ राहिला. एका गड्यावर मोठी रक्कम खर्च केल्यानें संघ मोठा होत नाहीं, हा धडा त्या वर्षीं स्पष्ट मिळाला.

दुसरें उदाहरण पुण्याचें, आणि तें अधिक बोधप्रद आहे. पुणेरी पलटण संघानें निराळा मार्ग धरला. 2019 सालीं पंकज मोहिते हा नवा तरुण म्हणून संघांत आला. पुढें 2021 मध्यें सुरू झालेल्या आठव्या हंगामांत अहमदनगर जिल्ह्यांतील (आतां अहिल्यानगर) अस्लम इनामदार आणि हरयाणाचा मोहित गोयत हे दोघे तरुण एकदमच पुढें आले. नाशिकचा आकाश शिंदेही यांच्यांत येऊन मिळाला. या मुलांना संघानें एका हंगामाच्या निकालावर जोखलें नाहीं. त्यांना एकत्र ठेवलें, एकत्र खेळविलें, आणि त्यांच्या जोडीस एखाद-दुसरा अनुभवी गडी विकत आणला.

2022 मध्यें इराणचा फजल अत्राचली 1 कोटी 38 लाखांस आला. त्या हंगामांत पुणें प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत पोंचलें. जयपूरनें तो सामना 33-29 असा जिंकला. पुढच्या वर्षीं संघानें फजलास सोडलें व त्याचाच देशबांधव महंमदरझा शादलू यास 2 कोटी 35 लाखांस घेतलें. परंतु कर्णधारपद दिलें तें अस्लम इनामदारास. 1 मार्च 2024 रोजीं हैदराबादेस हरयाणाविरुद्ध अंतिम सामना झाला. पुण्यानें तो 28-25 असा जिंकला आणि प्रथमच विजेतेपद मिळविलें. त्या सामन्यांत पुण्याकडून सर्वाधिक गुण मिळविले ते पंकज मोहितेनें, म्हणजे पांच वर्षांपूर्वीं नवा तरुण म्हणून आलेल्या मुलानें. त्याआधीं, ऑक्टोबर 2023 मध्यें, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत अस्लम इनामदार व आकाश शिंदे हे दोघेही होते.

येथपर्यंतची कथा कोणासही गोड वाटेल. परंतु खेळ म्हणजे पुराण नव्हे. त्यांत फलश्रुति शेवटीं येतेच असें नाहीं. विजयानंतर पुण्यानें शादलूस राखलें नाहीं. 2024 च्या ऑगस्टमधील लिलावांत हरयाणानें त्यास 2 कोटी 7 लाखांस घेतलें, आणि त्याच वर्षीं 29 डिसेंबर रोजीं, पुण्यांतल्याच बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत, हरयाणानें पाटण्यास 32-23 असें नमवून विजेतेपद पटकाविलें. इकडे पुण्याच्या कर्णधारास, अस्लमास, हंगामाच्या मध्यावरच गुडघ्याची दुखापत झाली आणि त्यास बाहेर बसावें लागलें. गतविजेता संघ आठव्या क्रमांकावर राहिला. ज्यास सोडलें तो जिंकला, ज्यास राखलें तो जायबंदी झाला. व्यवहारी माणसानें त्या दिवशीं पुण्याच्या धोरणास नांवें ठेवलीं असतीं, तर त्यांत आश्चर्य नव्हतें.

खरी कसोटी येथें होती. दुखापत झालेला गडी यादींतून गाळणें, ही या व्यवसायांतील सर्वांत सोपी काटकसर आहे. कागदावर ती चूकही दिसत नाहीं. पण पुण्यानें अस्लमास सोडलें नाहीं. पुढच्या हंगामांत पुन्हां कर्णधार केलें. 2025 मध्यें तोच संघ, तींच मुलें, पुन्हां अंतिम सामन्यांत उभीं होतीं. 31 ऑक्टोबरला दिल्लीनें त्यांचा 31-28 असा पराभव केला. आणि दैवाची गंमत अशी, कीं दिल्लीच्या विजयी संघांत तोच फजल अत्राचली होता, ज्यास पुण्यानें दोन वर्षांपूर्वीं सोडलें होतें, आणि ज्याची किंमत तोंपर्यंत 30 लाखांवर आली होती. दुसरीकडे शादलूस त्या वर्षीं गुजरातनें 2 कोटी 23 लाखांस घेतलें. गुजरातचा संघ पहिल्या आठांतही आला नाहीं.

या साऱ्या उलाढालींतून निष्कर्ष काय निघतो? मोठ्या बोलीचा गडी निरुपयोगी असतो, असें म्हणतां येणार नाहीं. हरयाणाचें विजेतेपद त्याच्याविरुद्ध साक्ष देतें. राखलेला तरुण हटकून जिंकून देतो, असेंही म्हणतां येणार नाहीं. पण एक गोष्ट ठाम सांगतां येते. चार हंगामांत पुणेरी पलटण तीन वेळां अंतिम सामन्यास उभी राहिली. आणि त्या तिन्ही सामन्यांस विकत आणलेला नामांकित गडी बदलत गेला, पण मुलांचा गाभा तोच राहिला. नामांकित गड्यानें एखादा हंगाम उजळतो. वर्षानुवर्षें संघ उभा ठेवण्याचें काम मात्र एकत्र वाढलेली मुलेंच करतात.

याचें कारण खेळाच्या स्वरूपांतच आहे. कबड्डींत एकटा गडी चढाई करूं शकतो. पण पकड एकट्याची नसते. प्रतिस्पर्धी चढाईस आला, कीं कोपऱ्यांतल्या गड्यानें आणि त्याच्या शेजारच्यानें हातांत हात गुंफून साखळी करावयाची असते. कोणीं आधीं सरकावें, कोणीं घोट्यास हात घालावा, कोणीं मागून मध्यरेषेकडची वाट अडवावी, हें बोलून ठरवावयास तेथें वेळ नसतो. चढाईस मिळून तीस सेकंद. त्यांतला निर्णयाचा क्षण पापणी लवण्याइतका. शेजाऱ्याचा हात कोठें असेल, हें न पाहतां कळावें लागतें, आणि तें कळण्यास वर्षें लागतात. लिलावांत गडी विकत मिळतो. साखळी विकत मिळत नाहीं.

आतां पुन्हां आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे येऊं. या तिन्ही गांवांतल्या ज्या मुलांच्या मनांत या लीगचें स्वप्न आहे, त्यांच्या आईबापांनीं प्रथम एक साधा गुणाकार करावा. बारा संघ आणि प्रत्येकीं जास्तींत जास्त पंचवीस गडी, म्हणजे साऱ्या देशांत मिळून तीनशे जागा. आणि त्यांतही परदेशी गड्यांचा वांटा आहे. महाराष्ट्र, हरयाणा, तामिळनाडू, राजस्थान, उत्तर प्रदेश अशा कितीतरी प्रांतांतील मुलें या तीनशे जागांकडे डोळे लावून बसलेलीं आहेत. तेव्हां स्वप्न पाहूं नये असें नव्हे. पण उपजीविकेची सारी भिस्त त्या स्वप्नावर ठेवूं नये. यांत मुलाचा उत्साह मोडण्याचा हेतु नाहीं. पोहणाऱ्यास नदीची खोली सांगितली, तर तो पोहणें सोडीत नाहीं, सांवधपणें पोहतो.

एखाद्या मुलास संघाचें बोलावणें आलें, तर घरच्यांनीं मोबदल्याच्या आंकड्यावर न भुलतां चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, करार किती हंगामांचा आहे, आणि मुलाची किंमत वाढल्यास त्यास लिलावांत उतरण्याचा मार्ग केव्हां मोकळा होतो. दुसरी, दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण करणार, आणि बरें होईपर्यंत करार चालू राहणार कीं नाहीं. तिसरी, वर्षांतील जे महिने सामने नसतात, त्या महिन्यांत मुलास शिकविणार कोण. कारण तरुण गड्यास घडविण्याचें खरें काम सामन्यांत होत नसून त्या रिकाम्या दिसणाऱ्या महिन्यांत होतें. चौथी, त्याच्या शाळा-महाविद्यालयाच्या परीक्षांसाठीं त्यास सवड मिळणार कीं नाहीं. या चार प्रश्नांचीं उत्तरें जो संघ मोकळेपणानें व लेखी देईल, त्याच्या हातीं मूल द्यावयास हरकत नाहीं. जो संघ केवळ चकचकीत गणवेश दाखवील, त्याच्यापुढें दोन दिवस विचारासाठीं मागून घ्यावेत.

शिक्षणाचा आग्रह हा केवळ मास्तरी उपदेश समजूं नये. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठीं 5 टक्के जागा राखीव असतात. परंतु त्या जागांसही शैक्षणिक पात्रता लागतेच. रेल्वे, पोलीस आणि बँका यांचे संघ जिल्हा व राज्य पातळीवर चांगला खेळ करणारांस हेरीत आलेले आहेत. लीगच्या कोटींच्या बोलीपुढें ही नोकरी लहान वाटेल. पण ज्या मुलाचें नांव तिशीच्या आंतच यादींतून गळतें, त्यास पुढचीं तीस वर्षें याच नोकरीवर काढावयाचीं असतात. जुन्या काळची ती महिन्याच्या महिन्यास येणारी चाकरी कालबाह्य झालेली नाहीं. तिची गरज उलट वाढली आहे.

येथें मुलींचाही विचार झाला पाहिजे. 2012 सालीं पाटण्यास झालेल्या महिलांच्या विश्वचषकांत भारतीय संघ विजयी झाला. त्यांत मुंबईची अभिलाषा म्हात्रे हिचा वांटा मोठा होता आणि पुढें तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला. 2016 मध्यें याच लीगच्या जोडीनें तीन संघांची महिलांची छोटी स्पर्धा भरविण्यांत आली. पण तो उपक्रम तेथेंच थांबला. मुलांच्या बाबतींत कोणास राखावें हा वाद तरी घालतां येतो. मुलींच्या बाबतींत राखावयास यादीच नव्हती. बहीणभाऊ एकाच मैदानावर खेळत असतां भावाच्या दमास भाव यावा आणि बहिणीच्या दमास येऊं नये, ही गोष्ट कोणत्याही सुशिक्षित घरानें सहज मान्य करूं नये.

गांवानें आपल्या परीनें काय करावें, हाही प्रश्न आहे. मुलें मातींत खेळून वाढतात. लीगचे सामने मात्र रबरी चटईवर, पायांत बूट घालून खेळले जातात. मातींत पाय सरकतो, चटईवर तो रुततो; म्हणून मातींतला चपळ मुलगा एकदम चटईवर उतरला, तर गुडघ्यावर व घोट्यावर त्याचा ताण येतो. पुरुषांच्या गटांत वजनाची 85 किलोंची मर्यादा असते; वाढत्या वयांत शरीर कमवीत ती मर्यादा सांभाळणें हें एक शास्त्र आहे, आणि उपाशी राहून वजन उतरविणें हें शास्त्र नव्हे. तिन्ही गांवांच्या नगरसंस्थांनीं प्रत्येकीं एक छताखालचें चटईचें क्रीडांगण ठेवलें, तेथें सकाळ-सायंकाळ जाणता शिक्षक नेमला, आणि आठवड्यांतून एकदां हाडांची व स्नायूंची तपासणी करणारा वैद्य बसविला, तर कोणत्याही संघाच्या कृपेवांचून निम्में काम होईल. ज्या निवृत्त खेळाडूंनीं कारखान्यांच्या व रेल्वेच्या संघांतून उमेदीचा काळ घालविला, त्यांच्या अनुभवास अशा ठिकाणीं उपयोग मिळेल. मोठ्या संघांच्या निवड-चांचण्यांपर्यंत मुलास पोंचविणारे खरे हात हे असतात. त्यांचें नांव कोणत्याही लिलावांत पुकारलें जात नाहीं.

कल्याणच्या गिरीश इर्नाकचें उदाहरण या भागांतील मुलांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. डाव्या कोपऱ्यावर खेळणारा हा पकडपटू बंगाल, पुणें, गुजरात आणि मुंबई इतक्या संघांचे गणवेश घालून खेळला. 2018 मध्यें जकार्ताच्या आशियाई स्पर्धेंत भारताच्या संघांतही तो होता. त्या वर्षीं उपांत्य सामन्यांत इराणनें भारतास 27-18 असें हरविलें आणि भारतास कांस्यपदकावर समाधान मानावें लागलें. इतक्या योग्यतेच्या गड्यासही पुन्हां पुन्हां एका संघानें सोडलें आणि दुसऱ्यानें घेतलें. त्यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. या व्यवसायाची रीतच ती आहे. गणवेशाचा रंग बदलला, तरी कोपरा सांभाळण्याची विद्या बदलत नाहीं.

तात्पर्य, राखणें आणि सोडणें हीं दोन्ही कामें संघास करावींच लागतात. पैशाची मर्यादा कोणास चुकलेली नाहीं. ज्याची कीर्ति झाली आहे त्यास सोडलें, तरी त्यास दुसरें दार उघडें असतें. ज्याची कीर्ति अद्याप व्हावयाची आहे आणि ज्याचा गुडघा दुखावला आहे, त्याच्यापुढें दुसरें दार नसतें. म्हणून संघाची खरी परीक्षा त्यानें कोणास किती कोटींस घेतलें यावरून करूं नये. पडलेल्या मुलाचें नांव पुढच्या यादींत आहे कीं नाहीं, तें पाहावें. अंबरनाथच्या किंवा बदलापूरच्या एखाद्या घरांत पुढच्या वर्षीं अशी यादी उघडली जाईल, तेव्हां त्या घरानेंही याच दृष्टीनें ती वाचावी. आणि आपल्या मुलाचें नांव तींत असो वा नसो, दुसऱ्या दिवशीं त्यास सकाळीं मैदानावर व दुपारीं शाळेंत वेळेवर पाठवावें.